वाचणारं एक शे

मित्रांनो, मी एक जुना पुठ्ठा आहे. पेपर लिहिताना कागदाखाली धरतात ना, तो. तुम्ही मला पॅड म्हणाल. म्हणा बापडे, पण माझ्या काळी मला पुठ्ठाच म्हणत आणि मला ते नाव आवडतं. भुसा दाबून दाबून मला बनवलं. माझी पुढची बाजू गुळगुळीत आहे आणि मागच्या बाजूला जाळीसारखे ठसे आहेत. डोक्यावर पत्र्याचा चिमटा आहे. एक कोपरा उंदराने खाल्ला, दुसरा ओलीने फुगला. माझ्या उजव्या अंगाला एक लाल अंगठा उमटलेला आहे. घाबरू नका, रक्ताचा नाही, मिरचीचा आहे. तो कसा उमटला ते सांगायलाच आज मी तोंड उघडलं आहे.

मी शहाद्याच्या एसटी स्टँडसमोरच्या एका वह्या-पुस्तकांच्या दुकानात टांगलेला होतो. तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हताच, सगळा मुलूख धुळ्यात मोडायचा. एका शेतकऱ्याने मला खाली उतरवलं, चिमटा तीनदा उघडून-मिटून पाहिला आणि आपल्या मुलीच्या हातात दिलं. मुलीचं नाव वत्सला. तिचा दहावीचा पेपर दुसऱ्या दिवशी होता. तिने मला छातीशी धरलं आणि गाव येईपर्यंत सोडलं नाही. इतका मान मला पुढे क्वचितच मिळाला.

वत्सला चांगल्या मार्कांनी पास झाली. लग्न होऊन ती तापीकाठच्या एका गावात आली, तेव्हा तिच्या पेटीत साड्यांखाली मीही होतो. तिचे यजमान भटूनाना केळीची शेती करत. गावात टपालाची शाखा उघडायची ठरली आणि दहावी झालेल्या वत्सलाबाई पोस्टमास्तर झाल्या. पोस्ट म्हणजे त्यांच्या घराचा ओटा. तिथे एक टेबल, एक शिक्का आणि एक कुलूपबंद पेटी. सारं गाव त्यांना अक्का म्हणू लागलं.

टपालाचा एक नियम आहे, मित्रांनो. शाखेतून थैली रोज जायलाच हवी. पत्रं दहा असोत की एकही नसो, तिचं तोंड बांधायचं, शिक्का मारायचा आणि दुपारच्या एसटीत द्यायची. गावात नदीचं पाणी शिरलं होतं त्या दिवशीसुद्धा अक्कांनी रिकामी थैली बांधली होती. एसटी आली नाही, ती गोष्ट वेगळी.

थैली गेली की अक्कांना तासभर मोकळा मिळे. मग त्या मला मांडीवर घेत, चिमट्यात कागद अडकवत आणि गोष्ट लिहीत. रोज दोन पानं. खाली कार्बन घालून लिहीत, म्हणून पेन दाबून चालवायची त्यांना सवय होती. तो दाब थेट माझ्या अंगात उतरे. आजही उन्हात तिरकं धरलंत तर माझ्यावर अक्षरांच्या खाचा दिसतील. मात्र हजारो पानं एकावर एक उमटल्यामुळे वाचता काहीच येणार नाही.

त्यांच्या पहिल्या तीन गोष्टी मासिकांनी ‘साभार परत’ केल्या. आता गंमत पाहा. परत आलेलं पाकीट थैलीतून काढणाऱ्या त्याच, त्यावर शिक्का मारणाऱ्या त्याच आणि ते घेणाऱ्याही त्याच. एकदा भटूनानांनी विचारलं, “काय वनं व आज?”

“मन्हंच वनं,” माझंच आलं, असं म्हणून अक्का पाकीट टेबलाच्या खणात टाकून थैली बांधायला बसल्या.

चौथी गोष्ट एका दिवाळी अंकात छापून आली. पुढे पुण्याच्या एका जुन्या प्रकाशकांनी त्यांची तीन पुस्तकं काढली. ते गृहस्थ हिरव्या शाईने कार्ड लिहीत. ‘हस्तलिखित पोहोचले. वाचतो आहे. घाई करू नका.’ धुळ्याला एक बक्षीसही मिळालं. त्या समारंभाच्या फोटोत अक्कांच्या काखेत मी स्पष्ट दिसतो. माझा चिमटा चकाकतो आहे, कारण भटूनानांनी आदल्या दिवशी तो राखेने घासला होता. तेव्हा माझे दिवस खरंच भरभराटीचे होते.

मग हळूहळू एकेक दार बंद होऊ लागलं. अक्का ज्यात लिहीत ते दिवाळी अंक पाचाचे तीन झाले आणि तिनाचा एक. वर्तमानपत्राची रविवारची पुरवणी आधी पातळ झाली, नंतर आलीच नाही. शेवटी हिरव्या शाईचं एक कार्ड आलं. ‘वय झाले. दुकान मिटवतो आहे. आपल्या उरलेल्या प्रती पाठवतो. लिहीत राहा.’ पाठोपाठ पुस्तकांचे सात गठ्ठे आले. आपल्याच पुस्तकांचे गठ्ठे अक्कांनी स्वतः एसटीतून उतरवून घेतले आणि टेबलाखाली रचले. कार्ड मात्र त्यांनी माझ्या चिमट्यात लावलं आणि दिवसभर काढलं नाही. त्या दिवशी त्या लिहायला उशिरा बसल्या, पण दोन पानं झालीच. भटूनाना म्हणाले, “आते कोन छापी? मंग कसाले लिखस?”

अक्का म्हणाल्या, “थैली रोज जास ना? मंग.”

ते कार्ड आणि हा जबाब, दोन्ही माझ्या चांगलेच लक्षात आहेत. कारण त्यानंतर माझंच नशीब फिरलं. हिरव्या शाईच्या त्या भल्या माणसाच्या पुस्तकांचे हक्क एका नव्या कंपनीने घेतले होते. कंपनीने कळवलं की हस्तलिखित चालणार नाही, मजकूर टाईप करूनच पाठवा. अक्कांची सून काजल तेव्हा नवीनच घरात आली होती. तिने सासूला एक फोन दिला आणि एका बोटाने टाईप करायला शिकवलं. साठीला टेकलेल्या अक्का महिनाभर ‘क्ष’ शोधत होत्या. पण शिकल्या! रोज दोन पानं होत, ती आता फोनवर होऊ लागली.

आणि मी? मी पिठाच्या डब्यावर झाकण झालो. खोटं कशाला बोलू, मला त्या फोनचा फार राग येई. ना चिमटा, ना खाचा, चोवीस तासांत एकदा उपाशी पडणारा तो प्राणी अक्कांच्या मांडीवर माझ्या जागी बसला होता. अडीच वर्षं मी पिठाखेरीज काही पाहिलं नाही.

त्या अडीच वर्षांत अक्कांनी एक कादंबरी लिहिली. नाव ‘मिरचीचा हात’. ती मिरचीच्या पथारीवरची गोष्ट होती. लाल मिरची सुकवायला जिथे पसरतात त्या जागेला आमच्याकडे पथारी म्हणतात. गावाबाहेर एक पथारी आहे. हंगामात तिथे बायका ओळीने बसून मिरचीची डेखं, म्हणजे देठ, खुडतात. अक्कांच्या जुन्या मैत्रीण प्रमिलाबाई या त्या सगळ्यांच्या मुकादम. मिरचीच्या हाताने पुस्तकाला हात लावायचा नाही, लावला तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांत आग. म्हणून कुणीतरी वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, अशी तिथली रीत पडली होती. वाचायला अर्थातच अक्का, आणि ही कादंबरीही त्यांनी लिहिता लिहिता या बायकांना वाचून दाखवली होती. कादंबरीतली माणसं या बायकांसारखीच अहिराणी बोलत. तिचा नायक धुडकू पहिल्याच ओळीत सांगतो, ‘मन्हं नाव धुडकू शे.’ शे म्हणजे आहे. हे आमच्याकडे दूध पिणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं.

कंपनीने कादंबरी घेतली आणि काही आठवड्यांनी छापायच्या पानांचा नमुना पाठवला. काजलने तो कागदावर काढून आणला. अक्कांनी चष्मा लावला आणि पहिली ओळ वाचली.

‘मन्हं नाव धुडकू १००.’

त्यांना वाटलं, चष्म्यात काही गडबड आहे. त्यांनी तो पुसला. खाली लिहिलं होतं, ‘माय घरमा १००.’ त्याच्याही खाली, ‘तू कोठे १००?’ अख्ख्या पुस्तकात जिथे जिथे शे, तिथे तिथे शंभर! कंपनीकडे मजकूर स्वच्छ करणारं एक यंत्र होतं. दोनशे-तीनशेतला शे त्याला माहीत होता, आमचा नव्हता. त्याने बिचाऱ्याने इमानाने सगळे शब्द आकड्यांत करून टाकले होते.

अक्का आधी हसल्या. काजलही हसली. भटूनानांनी चहाचा कप उचलून “चहा गरम शंभर” म्हटलं तेव्हा तर त्या पोट धरून हसल्या. मग त्यांनी कंपनीला फोन लावला आणि त्यांचं हसू थांबलं. पलीकडचा माणूस सभ्य होता. त्याने माफी मागितली, पण पुढे म्हणाला, “मॅडम, चूक दुरुस्त होईल हो. मुळात प्रश्न बोलीचा आहे. बाजार आधीच हलला आहे, पुस्तकं खपत नाहीत. तुम्ही संवाद प्रमाण मराठीत करून द्या, आम्ही लगेच छापतो. या बोलीला वाचणारे किती असणार?”

“बघते,” अक्का एवढंच म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

मित्रांनो, त्या दुपारी थैली गेल्यावर अक्का उठल्या, पिठाच्या डब्यापाशी आल्या आणि त्यांनी मला उचललं. पदराने पुसलं. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! पण त्या मला घेऊन बसल्या आणि लिहू लागल्या, तेव्हा माझा आनंद पार ओसरला. पेन नेहमीसारखं दाबून चालत नव्हतं. नुसतं वरवर सरकत होतं. त्यांनी लिहिलं, ‘माझं नाव धुडकू आहे.’ अडीच वर्षांचं काम वाया जाऊ नये म्हणून त्या आपल्याच माणसांना परकं बोलायला शिकवत होत्या. पुस्तक निघेल की नाही यापेक्षा आपण पुन्हा लिहू की नाही, याची त्यांना भीती वाटत होती. ती मला त्यांच्या मनगटातून कळत होती.

दोन पानं झाली. ती घेऊन त्या पथारीवर गेल्या आणि वाचू लागल्या. बायका खुडता खुडता ऐकत होत्या. धुडकू बोलू लागला तसा प्रमिलाबाईंचा हात थांबला.

“हाऊ कोन शे व वत्सला?”

“धुडकू.”

“हाऊ आपला धुडकू नही,” प्रमिलाबाई म्हणाल्या. “हाऊ कोनी साहेब दिखस. तो धुडकू कोठे गया?”

मंगलाबाई म्हणून एक होत्या, त्या म्हणाल्या, “त्याले बदली व्हयनी हुई, मुंबईले.”

पथारीभर हशा पिकला. अक्का हसल्या नाहीत. त्यांनी ती दोन पानं चिमट्यातून काढली, घडी केली आणि मंगलाबाईंना मिरचीचे नमुने बांधायला देऊन टाकली. कंपनीला त्यांनी त्याच दिवशी पत्र लिहिलं, चक्क कार्डावर. ‘कादंबरी परत घेते. राग नाही. धुडकू इथलाच राहू द्या.’ कार्ड त्यांनी स्वतःच्या हाताने थैलीत टाकलं. पेन पुन्हा दाबून चाललं होतं, हे मी तुम्हाला खात्रीने सांगतो.

पण पुस्तक निघणार कसं? शहाद्याला गोपालभाई आहेत. गुजर समाजातले, लग्नपत्रिका आणि कॅलेंडरं छापतात. लग्नाची तिथी नसली की त्यांचं यंत्र रिकामं असतं. अक्का त्यांच्याकडे गेल्या तेव्हा मी त्यांच्या पिशवीत होतो. गोपालभाईंनी उभ्या उभ्या पाच पानं वाचली आणि खुर्ची ओढली. “अक्का, छापसू. एकेक शे मी स्वतः तपाससू,” ते म्हणाले. “फक्त शंभर लोकांनी नावे लिखी आना. शंभर शिवाय यंत्र चालू करानं परवडत नही.”

घरी आल्यावर अक्कांनी कोऱ्या कागदावर ‘वाचणारे’ असं लिहिलं आणि तो माझ्या चिमट्यात अडकवला. पथारीवर प्रमिलाबाईंनी पाहिलं.

“मन्हं नाव पहिलं लिख.”

“तुले वाचता येस का?”

“मी वाचस नही, पन ऐकस,” प्रमिलाबाई म्हणाल्या. अक्कांनी नाव लिहिलं. तेवढ्याने प्रमिलाबाईंचं समाधान झालं नाही. त्यांना सही करायची होती, म्हणून त्यांनी अंगठा टेकवला. तो कागदावरून घसरला आणि माझ्यावर उमटला. मिरचीचा लालभडक अंगठा. मला दोन दिवस झोंबत होता, पण मी तक्रार केली नाही.

कितीतरी दिवस यादीत ते एकच नाव होतं. मग एसटीच्या कंडक्टरने नाव दिलं. खांडबाऱ्याच्या बाजारात भेटलेल्या एका मास्तरांनी दिलं. धडगावला बदलून गेलेल्या एका तलाठ्याने फोनवरून दिलं. यादी छत्तीसवर आली आणि थबकली. अक्का रोज मला बाहेर घेऊन जात आणि तशाच परत आणत. मात्र रोजची दोन पानं चालू होती. नवीनच काही लिहीत होत्या. यादीच्या कागदाखाली तो कागद असे.

आता खरी गंमत ऐका. एक दिवस पथारीवर दोन बायका कमी होत्या, म्हणून अक्काच डेखं खुडायला बसल्या. मी शेजारी पोत्यावर. तेवढ्यात फोन वाजला. गोपालभाईंचा निरोप होता, ‘अक्का, नावांनी यादी व्हयनी का?’ अक्कांचे दोन्ही हात मिरचीचे. चष्मा नाकावर घसरलेला, तो वर करायचीही सोय नव्हती. त्यांनी बोटाच्या मागच्या पेराने कसाबसा बोललेलं टाईप करून देणारा माईक दाबला आणि तोंड जवळ नेऊन सांगितलं, “यादी मन्हाजोडे शे.” आणि निरोप पाठवून दिला. यादी आहे माझ्याकडे, पूर्ण झाली की आणते, असं त्यांना म्हणायचं होतं. पुढचं बोलण्याआधीच मुकादमीणबाईंनी दुसरं टोपलं पुढ्यात ओतलं.

दहा दिवसांनी गोपालभाईंचा फोन आला. “अक्का, पुस्तके तयार शेत. शंभर.”

अक्का खुर्चीवरून उठल्या. “गोपालभाऊ, शंभर कसा? नावे तर छत्तीस शेत!”

“तुम्हीच तर लिखं,” गोपालभाई म्हणाले आणि त्यांनी अक्कांचाच निरोप त्यांना परत पाठवला. अक्कांनी चष्मा लावून वाचला.

‘यादी मन्हाजोडे १००.’

आपण मुळात काय बोललो होतो ते त्यांनी गोपालभाईंना सांगितलं. मग त्यांच्याही डोक्यात उजेड पडला. अक्का माफी मागू लागल्या तर ते म्हणाले, “नही अक्का, मन्हीच चूक. मी आठलाच, शहादाना शे, माले समजाले पाहिजे व्हतं. पन आकडा दिखना म्हनीसन मी इचारंच नही. आते छापी टाकं. दुकानमा ठेवसू, जातीन.”

मला त्या दिवशी फोनचा राग येणं बंद झालं. त्याच्या जातीच्या यंत्राने पुस्तक बुडवलं होतं आणि त्यानेच ते छापवून घेतलं. चूक तीच, फक्त या वेळी ती आमच्या बाजूने पडली होती.

छत्तीस पुस्तकं यादीतल्यांना गेली. उरलेली गोपालभाईंनी लग्नपत्रिकांच्या नमुन्यांशेजारी मांडली. पत्रिका पसंत करायला आलेली मंडळी बसल्या बसल्या पुस्तक उचलत. एक वधूपिता धुडकूची पहिली पानं वाचून इतक्या मोठ्याने हसला, की मुहूर्ताची वेळ सांगायची विसरला, असं गोपालभाई सांगतात. पुस्तकं एकदम संपली नाहीत. आज एक, आठ दिवसांनी दोन, अशी गेली. काही वाचकांनी कळवलं की वाचताना डोळ्यांत पाणी आलं. त्यातल्या किती प्रती पथारीवरून फिरून गेल्या होत्या, हे मी विचारलं नाही.

मागच्या महिन्यात गावच्या शाळेत वाचनाचा कार्यक्रम होता. अक्का मला घेऊन गेल्या. प्रमिलाबाई पुढेच बसल्या होत्या, हात स्वच्छ धुऊन. बाहेरगावचे एक पाहुणे आले होते. त्यांनी कौतुकाने विचारलं, “आजी, तुमच्या या बोलीला वाचणारे साधारण किती आहेत?”

हाच तो प्रश्न. फोनवर ज्याचं उत्तर अक्कांना देता आलं नव्हतं, तोच. अक्कांनी माझ्यावरच्या लाल अंगठ्यावरून बोट फिरवलं, प्रमिलाबाईंकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “एक शे.”

“वा! एकशे!” पाहुणे म्हणाले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. पोरं खुदुखुदु हसू लागली, कारण पोरांना कळलं होतं. प्रमिलाबाईंनाही कळलं होतं. त्यांनी पदर तोंडाला लावला, पण त्या हसत नव्हत्या.

मित्रांनो, माझं सांगणं फार नाही. तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला ओलीत टाकू नका, उन्हात वाकडा होऊ देऊ नका आणि पिठाच्या डब्यावर तर मुळीच ठेवू नका. आणि घरात कुणी लिहिणारं असेल, तर त्यांच्याजवळ कधीतरी पाच मिनिटं बसा आणि ‘वाचून दाखव’ म्हणा. तेवढं एक ऐकणारं मिळालं की त्यांची थैली रोज जाते.

आता दुपारची एसटी गेली आहे. अक्का येत आहेत, कार्बन शोधत आहेत. माझा चिमटा पूर्वीसारखा करकचून मिटत नाही, हे खरं. पण दोन पानं धरण्याइतका जोर त्यात अजून शे.